नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. लोकमान्य टिळकांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यांचा उल्लेख बहुधा रेव्हरंड टिळक असा केला जातो. चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. वारकरी संतांची भक्तिपरंपरा, अभंग-ओवी ही छंदरचना, कीर्तन आणि संन्यास या देशी परंपरांच्या आधारे ख्रिस्तभक्ती व्यक्त करण्याचा प्रयत्न त्यांनी आयुष्यभर केला. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी साताऱ्यात देवाचा दरबार या नावाची संस्था उभारली. तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात केशवसुतांचे समकालीन आणि फुलामुलांचे कवी म्हणून त्यांना मानाचे स्थान आहे. स्मृतिचित्रे या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र आणि गोव्यात ख्रिस्ती धर्म व स्थानिक परंपरा यांचा मेळ टिळकांच्या पूर्वीही झाला होता. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातील सासष्टी भागात राहून मराठीत ख्रिस्तपुराण रचले. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेला हा ग्रंथ ओवीबद्ध असून त्यात बायबलमधील कथा पुराणाच्या घाटात सांगितली आहे. उत्तर कोकणात, म्हणजे वसई आणि मुंबईजवळच्या साष्टी बेटाच्या परिसरात, फ्रान्सिस्को वाझ दि गिमारांइश यांचे ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील पुराण सतराव्या शतकात प्रचारात आले. आज मुंबईच्या उपनगरांत मोडणाऱ्या वांद्रे, अंधेरी, बोरिवली या साष्टीतील भागांत पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या समाजाने मराठी बोली सोडली नाही. हळद आणि उंबराचे पाणी यांसारखे लग्नविधीही त्यांच्यात टिकून राहिले. लोकजीवनातला हा मेळ कोणी ठरवून घडवलेला नव्हता. धर्म बदलला तरी घर, भाषा आणि रीतिरिवाज तेच राहिल्यामुळे तो आपोआप घडत गेला.

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनांचे वळण वेगळे होते. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८३१ पासून अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्याचे महत्त्वाचे केंद्र बनले. या मिशनने शाळा आणि छापखाने काढले. त्याचे ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झाले. मिशनरी मराठीत उपदेश करीत; परंतु उपासनेतील गीते मोठ्या प्रमाणात इंग्रजी गीतांचे अनुवाद असत आणि ती पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. त्या चालींत मराठीच्या ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण होई आणि गावातील श्रोत्याला ते गाणे परके वाटे. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या मराठी ख्रिस्ती लेखकांनी टिळकांच्या आधीच ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग केला होता. तरीही बाप्तिस्मा घेणारा माणूस आपल्या जातीबरोबर आपल्या संस्कृतीतूनही बाहेर पडतो, अशी समजूत हिंदू समाजात रूढ होती आणि मिशनच्या वर्तुळातही ती कमीअधिक प्रमाणात होती. टिळकांच्या आयुष्याचा मोठा भाग या समजुतीशी झगडण्यात गेला.

बालपण आणि शिक्षण

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि त्यांचा स्वभाव अतिशय कडक होता. आई जानकीबाई सात्त्विक वृत्तीच्या होत्या. त्यांना कवितेची आवड होती. टिळकांचे सुरुवातीचे शिक्षण कल्याण येथे झाले. १८७३ च्या सुमारास आईचे निधन झाले. त्यानंतर वडिलांशी पटेनासे झाले आणि लहान वयातच टिळक घराबाहेर पडून नाशिकला गेले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. नाशिकच्या इंग्रजी शाळेत ते सुमारे दोन वर्षे शिकले. पण शालेय शिक्षण पूर्ण करण्यापूर्वीच पोटासाठी त्यांना नोकरी धरावी लागली.

औपचारिक शिक्षण अपुरे राहिले असले, तरी संस्कृत काव्य आणि मराठी संतवाङ्मय यांचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. शीघ्रकवी आणि प्रभावी वक्ते म्हणून तरुण वयातच त्यांचे नाव झाले.

विवाह आणि भटकंतीची वर्षे

१८८० च्या सुमारास टिळकांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी झाला. लग्नानंतर तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. त्या वेळी ती सुमारे अकरा वर्षांची होती. पुढील दहा वर्षांत टिळकांनी अनेक गावे आणि अनेक व्यवसाय बदलले. ते शिक्षक होते, पुराणिक आणि कीर्तनकार होते, छापखान्यात खिळे जुळवण्याचे कामही त्यांनी केले. मनात येईल तेव्हा घर सोडून निघून जाणे हा त्यांचा स्वभाव होता. हाती आलेला पैसा ते दुसऱ्याच्या अडचणीत सहज देऊन टाकीत. त्यामुळे संसाराला स्थैर्य असे फारसे मिळाले नाही.

या काळात त्यांनी केलेली कीर्तने पुढील कार्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एखाद्या पदाच्या आधारे तत्त्वनिरूपण होते आणि उत्तररंगात त्याच तत्त्वाला धरून आख्यान सांगितले जाते. गायन, निरूपण, विनोद आणि कथा यांच्या साह्याने अक्षरशत्रू श्रोत्यापर्यंतही अवघड विचार पोहोचवण्याची ही पद्धत टिळकांच्या अंगवळणी पडली होती.

नागपूर आणि धर्मविचार

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला आले. तेथील धनाढ्य सावकार आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत धर्मग्रंथांच्या भाषांतराचे व संपादनाचे काम केले. धर्मविषयक प्रश्नांची चर्चा करणारे ऋषी नावाचे मासिकही त्यांनी चालवले. या अभ्यासात त्यांचे मन रूढ धर्माचरणापासून दूर जात गेले. जातिभेद हा देशाच्या दुर्बलतेचे मूळ आहे आणि धर्मसुधारणेशिवाय देशाचा उद्धार नाही, अशी त्यांची खात्री झाली. मुंबईत १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने एकेश्वरी उपासनेचा मार्ग दाखवला होता. टिळकांनी मात्र स्वतःच एक नवा धर्म मांडण्याचा विचार केला. ईश्वर एक असून तो सर्वांचा पिता आहे, सर्व माणसे भावंडे आहेत, कोणताही ग्रंथ ईश्वरनिर्मित नाही आणि पुनर्जन्म नाही, अशी त्याची साधारण तत्त्वे होती.

ख्रिस्ती धर्माची दीक्षा

१८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी टिळकांचा काव्य आणि धर्म या विषयांवर संवाद झाला. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत भेट दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. पुस्तक वाचताना मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थबकले. आपल्या मनातील अनेक प्रश्नांची उत्तरे आपल्याला तेथे मिळाली, असे ते पुढे सांगत. त्यानंतर त्यांनी ख्रिस्ती धर्माचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला.

स्वतःसाठी आखलेल्या नव्या धर्माची बरीचशी तत्त्वे त्यांना ख्रिस्ताच्या शिकवणीत सापडली होती. संतवाङ्मयाशी असलेले नाते त्यांनी दीक्षेनंतरही तोडले नाही. तुकारामांच्या अभंगांचा पूल ओलांडूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. यहुदी संदेष्ट्यांच्या ग्रंथांना ख्रिस्ती धर्मात जुन्या कराराचे स्थान आहे. भारतीय ख्रिस्ती माणसासाठी तसेच काहीसे स्थान संतांच्या वाणीला आहे, असे ते मानत.

लक्ष्मीबाईंपासूनची ताटातूट

टिळकांच्या दीक्षेची सर्वांत मोठी किंमत लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. पती ख्रिस्ती झाल्याची वार्ता त्यांना नातेवाइकांमध्ये असताना कळली. त्या काळच्या रूढीप्रमाणे बाटलेल्या पतीबरोबर राहणे म्हणजे जात, माहेर आणि सासर एकाच वेळी गमावणे होते. लहान मुलगा दत्तू (देवदत्त) याला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. त्यांतील बराच काळ त्यांनी पंढरपुरात काढला. या काळात शारीरिक आणि मानसिक आजारपणाने त्यांना ग्रासले होते.

धर्मांतर केलेल्या व्यक्तीचा जोडीदार एकत्र राहण्यास तयार नसेल, तर विवाह रद्द करून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्याने उपलब्ध होती. टिळकांनी तो मार्ग स्वीकारला नाही. ते पत्नीला पत्रे लिहीत राहिले, भेटीसाठी येत राहिले. सुमारे पाच वर्षांनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या. सुरुवातीला त्या स्वतःचे सोवळेओवळे सांभाळून राहत. जातीच्या बंधनांविषयीचा त्यांचा विचार हळूहळू बदलत गेला आणि १९०० मध्ये राहुरी येथे त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. या सर्व घटनांचे अत्यंत मोकळे आणि विनोदाची झाक असलेले वर्णन त्यांनी स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात केले आहे. धर्मांतरासारखा निर्णय एकट्याने घेणाऱ्या पतीचे हट्ट, विसरभोळेपणा आणि औदार्य यांचे इतके जवळून केलेले चित्रण अन्यत्र आढळत नाही. टिळकांच्या चरित्राचे तेच सर्वांत महत्त्वाचे साधन आहे.

अहमदनगरमधील कार्य

दीक्षेनंतर टिळक अहमदनगर येथे स्थायिक झाले. मिशनच्या धर्मशिक्षण संस्थेत ते भावी धर्मोपदेशकांना शिकवत. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात नगर भागातील अनेक मुले अनाथ झाली. टिळक दांपत्याने अशा मुलांना आपल्या घरी आश्रय दिला, त्यामुळे स्वतःची चणचण असतानाही त्यांचे घर नेहमी भरलेले असे. पुढे बालकवी या नावाने प्रसिद्ध झालेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे हेही काही काळ टिळकांच्या घरात मुलासारखे राहिले. ठोंबरे हिंदूच राहिले आणि त्यावरून या घरात कधी अडचण आली नाही.

अहमदनगर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आलेले होते. ब्राह्मण घरातून आलेल्या टिळकांनी त्यांच्याबरोबर राहणे, जेवणे आणि त्यांच्या मुलांना आपल्या घरात वाढवणे, ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती. मिशनमधील गोऱ्या आणि देशी कार्यकर्त्यांच्या दर्जात व अधिकारांत असलेला फरकही टिळकांना खटकत असे. भारतीय मंडळीचा कारभार भारतीयांच्या हाती असावा आणि ती परदेशी पैशावर अवलंबून नसावी, अशी भूमिका त्यांनी वारंवार मांडली.

ख्रिस्ती भक्तिकाव्य

उपासनेतील गाणे आपल्या मातीतले असल्याशिवाय उपासना आपली वाटणार नाही, या विचाराने टिळकांनी शेकडो भजने, पदे आणि अभंग रचले. अभंगांजली हा त्यांच्या अभंगांचा संग्रह प्रसिद्ध आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या उपासना संगीत या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. मुंबईपासून विदर्भापर्यंतच्या मराठी मंडळ्यांत त्या रचना अद्याप गायिल्या जातात.

या रचनांत टिळकांनी भक्तिपरंपरेतील कल्पना ख्रिस्ताच्या संदर्भात वापरल्या. वारकरी विठ्ठलाला आणि ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो. टिळकांच्या काव्यातही ख्रिस्त माउली होऊन येतो. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत पिता, राजा आणि न्यायाधीश या रूपकांवर असलेला भर त्यांच्या काव्यात आई, सद्गुरू आणि सखा या नात्यांकडे वळतो. देवाविषयीची तळमळ, विरह, स्वतःच्या दोषांची कबुली, नामस्मरण आणि संतसंगाची ओढ हे तुकारामांच्या अभंगांतील विषय येथे पुन्हा भेटतात. त्यांची सांगीतिक बाजूही तशीच आहे. ही पदे टाळ, मृदंग आणि पेटीच्या साथीने, एकाने चरण म्हणावा आणि इतरांनी ध्रुपद धरावे, अशा भजनी पद्धतीने म्हणता येतात.

या मेळाला मर्यादाही होत्या. टिळकांनी ख्रिस्ताला अनेक दैवतांपैकी एक दैवत मानले नाही. मूर्तिपूजा, जातिभेद आणि कर्मकांड यांविषयी त्यांची मते दीक्षेनंतर अधिकच स्पष्ट झाली. त्यामुळे अनेक अभ्यासक त्यांच्या कार्याला धर्मांची सरमिसळ म्हणत नाहीत; ख्रिस्ती धर्माचे देशीकरण ही संज्ञा त्यांना अधिक योग्य वाटते. भाषेबरोबर आशयही थोडाफार बदलतोच, गुरू आणि माउली या शब्दांबरोबर त्यांचे शतकांचे अर्थ उपासनेत येतात, असे दुसरे मत आहे. टिळकांना त्यात धोका वाटला नाही, कारण ईश्वराने या देशाशीही पूर्वीपासून संवाद केला आहे अशी त्यांची श्रद्धा होती.

ख्रिस्तायन

ख्रिस्ताचे संपूर्ण चरित्र रामायणाच्या धर्तीवर ओवीबद्ध महाकाव्यात सांगावे, अशी टिळकांची इच्छा होती. ख्रिस्तायन हे काव्य त्यांनी हाती घेतले. परंतु आरंभीचे अध्याय लिहून झाल्यावर ते अपुरे राहिले. त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि त्यातील बहुतांश अध्याय लिहिले. शाळेत न गेलेल्या आणि लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या स्त्रीने एवढे मोठे काव्य रचावे, ही मराठी साहित्यातील असाधारण घटना होय. लक्ष्मीबाईंचे १९३६ मध्ये निधन झाले. त्यानंतर १९३८ मध्ये हे काव्य प्रसिद्ध झाले.

इतर काव्य

टिळकांच्या कवितेचा मोठा भाग धार्मिक विषयांबाहेरचा आहे. निसर्ग, फुले, मुले, कौटुंबिक प्रेम आणि देशभक्ती हे त्यांचे आवडते विषय होते. वनवासी फूल हे दीर्घकाव्य आणि जखमी पक्षिणीच्या मृत्यूवरील केवढे हे क्रौर्य ही कविता विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांच्या कवितांचा संग्रह टिळकांची कविता (भाग १) या नावाने १९१४ मध्ये निघाला. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या पहिल्या मराठी कविसंमेलनाशीही त्यांचा निकटचा संबंध होता. ठोंबरे यांना बालकवी हे नाव याच संमेलनात मिळाले. धर्मांतरानंतर टिळकांचे अनेक आप्त दुरावले. मराठी साहित्यिकांच्या वर्तुळातील त्यांचे स्थान मात्र ढळले नाही.

ज्ञानोदयाचे संपादन

१९१२ पासून मृत्यूपर्यंत टिळकांनी ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन केले. या पत्रातून त्यांनी गद्य आणि पद्य असे विपुल लेखन केले. ख्रिस्ती होणे आणि देशभक्त असणे यांत विरोध नाही, हा त्यांच्या लेखनाचा एक कायमचा विषय होता. ख्रिस्ती माणसाने देशी वेश, देशी नावे आणि देशी रीती का सोडाव्यात, असा प्रश्न ते आपल्या वाचकांना विचारत. राष्ट्रीय आकांक्षांविषयी त्यांना वाटणारी सहानुभूती मिशनमधील सर्वांना रुचत नसे. दुसरीकडे, राष्ट्रीय चळवळीतील अनेकांच्या नजरेत ख्रिस्ती माणूस परकीय सत्तेच्या बाजूचाच ठरत असे.

देवाचा दरबार

आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत टिळकांचे मन मिशनच्या चौकटीत रमेनासे झाले. हजारो सुशिक्षित हिंदूंना ख्रिस्ताविषयी आदर आहे, पण मिशनने उभ्या केलेल्या मंडळीत शिरण्याची त्यांची तयारी नाही, हे त्यांनी पाहिले होते. परकीय वळण, आप्तांशी होणारी ताटातूट आणि जुन्या समाजातून होणारा बहिष्कार ही त्यामागची कारणे होती. त्यांतील शेवटची दोन टिळकांच्या स्वतःच्या घराने अनुभवली होती.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला, वेतनाचा त्याग केला आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगण्याचा संकल्प केला. हिंदू परंपरेत संन्यासी घरदार आणि जात मागे टाकतो. टिळक मात्र पत्नी आणि कुटुंबासह राहिले. त्यांच्या संन्यासाचा अर्थ मालमत्ता, मानधन आणि पद यांचा त्याग असा होता. ते साताऱ्याला राहू लागले आणि तेथे त्यांनी देवाचा दरबार ही संस्था सुरू केली.

या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती, तसेच ख्रिस्ताला गुरू मानणारे पण बाप्तिस्मा न घेतलेले लोक बंधुभावाने एकत्र यावेत, अशी कल्पना होती. जात, पंथ आणि मिशन यांचे भेद तेथे मानायचे नव्हते. भजन, कीर्तन, चिंतन आणि लोकसेवा हे सामूहिक जीवनाचे मार्ग असणार होते. ख्रिस्ताचे अनुयायित्व ही अंतःकरणाची गोष्ट असून तिच्यासाठी परक्या संघटनेचे सभासदत्व आवश्यक नाही, हा विचार या संस्थेच्या मुळाशी होता.

या प्रयोगावर दोन्ही बाजूंनी आक्षेप आले. बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्ताचे शिष्यत्व मान्य केले तर मंडळीच्या अस्तित्वालाच अर्थ उरत नाही, अशी अनेक ख्रिस्ती धर्मोपदेशकांची भीती होती. बाप्तिस्मा घेऊन जातीबाहेर पडण्याची किंमत ज्यांनी आधीच मोजली होती, त्यांच्या त्यागाचे मोल यामुळे कमी होईल, असाही प्रश्न निर्माण होत होता. संतांची भाषा आणि संन्याशाचे जीवन स्वीकारून चाललेला हा धर्मप्रसारच आहे, असे अनेक हिंदूंना वाटत होते. टिळकांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला होता आणि तो कधी नाकारला नाही. इतरांवर ती अट लादण्यास मात्र ते अखेरीस तयार नव्हते.

दरबाराला आकार येण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही. संस्थापकाच्या व्यक्तिमत्त्वावर उभी असलेली ही संस्था त्यांच्या मृत्यूनंतर फार काळ टिकली नाही.

निधन

१९१९ मध्ये टिळकांची प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. चोवीस वर्षांपूर्वी याच शहरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता.

समकालीन प्रयत्नांशी तुलना

भारताच्या इतर भागांतही याच काळात असे प्रयत्न चालू होते. बंगालमध्ये टिळकांच्याच वर्षी, १८६१ मध्ये, जन्मलेले ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी कॅथलिक धर्म स्वीकारूनही वेदान्ताच्या परिभाषेत ख्रिस्ती तत्त्वज्ञान मांडले आणि संन्याशाचे जीवन पत्करले. पंजाबात साधू सुंदर सिंग भगव्या वस्त्रांत ख्रिस्ताचा उपदेश करीत फिरले. महाराष्ट्रात पंडिता रमाबाई यांनी ख्रिस्ती झाल्यानंतरही चर्चच्या अधिकाऱ्यांसमोर आपले विचारस्वातंत्र्य राखले. उपाध्याय यांचा आधार वेदान्त हा होता आणि तो प्रामुख्याने पंडितांच्या आवाक्यातील विषय होता. टिळकांनी वारकऱ्यांची भक्ती निवडली. अभंग हा ज्ञानेश्वर-तुकारामांइतकाच चोखामेळ्याचाही छंद असल्याने तो नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती शेतकऱ्याला आणि मजुराला आपला वाटू शकला. त्यांची गीते टिकून राहण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

प्रभाव आणि मूल्यमापन

इंग्रज धर्मोपदेशक जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. ख्रिस्त सेवा संघ या त्यांनी स्थापन केलेल्या आश्रमी संस्थेत देशी राहणी आणि भारतीय-युरोपीय समानता यांवर भर होता. निकोल मॅक्निकोल यांनी टिळकांच्या काही कविता इंग्रजीत आणल्या. टिळकांचे पुत्र देवदत्त यांनी आईवडिलांचे साहित्य जतन करण्याचे काम केले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–१९६५) कॅथलिक चर्चनेही उपासनेत स्थानिक भाषा व संगीत यांना अधिकृत स्थान दिले. मुंबई आणि वसई परिसरातील चर्चमध्ये आज मराठी भजने ऐकू येतात. टिळकांच्या हयातीत वादग्रस्त असलेली गोष्ट अशा प्रकारे दोन पिढ्यांनंतर सर्वसामान्य झाली. मात्र चर्चबाहेर राहून ख्रिस्ताचे अनुयायी होता येईल काय, हा देवाच्या दरबाराने उपस्थित केलेला प्रश्न भारतीय ख्रिस्ती धर्मविचारात अद्याप चर्चेचा विषय आहे.

टिळकांच्या कार्याची दुसरी बाजूही अलीकडच्या अभ्यासकांनी पुढे आणली आहे. भारतीय संस्कृती म्हणजे संस्कृत आणि संतपरंपरा, असे धरून चालल्यास ज्या दलित समाजांतून बहुसंख्य ख्रिस्ती आले, त्यांच्या स्वतःच्या गीतांना आणि अनुभवांना पुरेसे स्थान मिळत नाही, असा हा आक्षेप आहे. टिळकांनी मिशनच्या परकेपणावर बोट ठेवले. त्यांनी निवडलेला देशीपणा हा देशातील अनेक परंपरांपैकी एक होता. असे असले तरी मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या भाषेत आणि आपल्या चालीत प्रार्थना करता आली, यात टिळकांचा वाटा सर्वांत मोठा आहे, याबद्दल फारसे दुमत नाही.